पायी आलेला चहा

माझ्या एका सवयीला बायकोनं नाव ठेवलंय, पोथी. चार माणसं जमावीत, कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप द्यावा आणि मी घसा खाकरावा, की ती उठते. जाता जाता आल्यागेल्याला सांगते, "बसा निवांत. पोथी लागली."

पोथी म्हणजे दुसरं काही नाही, इंग्रज लोक चहाला टी का म्हणतात त्याची हकीकत. मी परंड्याला अकरावी-बारावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, आपण चहा म्हणतो, हिंदीवाले चाय म्हणतात, मग इंग्रजांनी टी कुठनं आणलं?" अर्धं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं, पण हे काही मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "उत्तम प्रश्न आहे, उद्या यावर बोलू." मास्तर प्रश्नाला उत्तम म्हणाला की पोरं काय ते ओळखतात. घरी येऊन मोबाईल घेऊन बसलो, कुठनं कुठनं शोधून वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी माझं आवरेना. त्या मुलीनं नंतर वर्षभर कसलाच प्रश्न विचारला नाही.

हकीकत अशी. चहा मूळचा चीनचा. तिथं त्याचं अक्षर एकच, पण वाचायची तऱ्हा जागोजागी निराळी. बऱ्याचशा मुलखात त्याला 'चा' म्हणतात. पण फुजियान म्हणून समुद्राकडेचा एक प्रांत आहे, तिथल्या बोलीत म्हणतात 'ते'. डच व्यापाऱ्यांचा व्यवहार त्या किनाऱ्यावरच्या लोकांशी. त्यांनी जहाजात माल भरला, मालाबरोबर शब्दही भरला आणि दोन्ही युरोपात नेऊन उतरवले. इंग्रजांनी तो तिथून घेतला. आधी ते 'टे' म्हणायचे, पुढं जीभ वळत वळत त्याचं टी झालं. आणि जो चहा जमिनीवरून, जनावरांच्या पाठीवर बसून इराणाकडं, तुर्कांकडं, रशियाकडं गेला, तो 'चा'चा चाय होऊन गेला. इथं मी नेहमी थांबतो, समोरच्याकडं बघतो आणि म्हणतो, "थोडक्यात काय, बोटीत बसला तो टी झाला, पायी चालला तो चहा राहिला." हे वाक्य मी आरशासमोर घोटून घोटून बसवलेलं आहे.

यात एक अडचण आहे. पोर्तुगीज लोकही बोटीतूनच गेले, पण त्यांनी माल भरला मकावच्या बाजूला, तिथं 'चा' म्हणत, म्हणून त्यांच्याकडं आजही 'चा'च आहे. आपल्याकडचा चहा त्यांच्याबरोबर आला की इराणी वाटेनं, यावरही जाणती माणसं भांडतात. म्हणजे माझ्या घोटलेल्या वाक्याचा पाय मोडतो. पण पोर्तुगीज मी घेतच नाही. ते आले की गोष्टीची मजा जाते.

स्टाफरूममध्ये सांगून झालं, साखरपुड्यात सांगून झालं. बार्शीच्या स्टँडवर एका कंडक्टरला सांगायला लागलो, तर त्यानं गाडी वेळेच्या आधी सोडली. लोकांचे चहा माझ्यामुळं गार होतात, हे मला कळत नाही असं नाही. पण एकदा 'चीन' शब्द तोंडातून बाहेर पडला की पुढचं आपोआप येतं.

माझ्या पोथीला शेवटपर्यंत बसणारा माणूस एकच, आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. अणदूरला राहायचे आणि जन्मभर मेंढरं राखली. आमचं घराणंही मेंढरामागं फिरणारंच, मी शिकलो, नोकरीला लागलो आणि माझ्या हातातली काठी सुटली. दाजींची सुटली नाही. चार महिने मेंढरं इकडं, मग सगळं बिऱ्हाडबाजलं घेऊन कर्नाटकात, आळंदच्या अंगाला. आक्काही बरोबर. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, तिथंच तळ पडायचा, तीन दगडांची चूल मांडली की संसार सुरू.

मी अणदूरला जाताना चहापत्तीचा एक पुडा हमखास न्यायचो. चहा व्हायचा आणि पोथी लागायची. दाजी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसायचे. हुं नाही, चूं नाही. माझी पक्की खात्री, की माणूस झोपलाय. पण मेव्हण्याला वाईट वाटू नये म्हणून शेवटी डोळे उघडून एवढंच म्हणायचे, "लई चाललाय म्हणा की बिचारा च्या." दर वेळी तेच वाक्य. मी बायकोला म्हणायचो, "बघ, झोपेतसुद्धा माणसानं मान राखला." ती म्हणायची, "सुटले बिचारे, त्यांना बसून झोप लागती. मला न्हाय लागत."

दाजी गेले ते एकाएकी. संध्याकाळी मेंढरं कोंडली, बाजेवर टेकले ते टेकलेच. मी मातीला पोचलो, खांदा दिला, आणि परीक्षेची ड्युटी होती म्हणून त्याच दिवशी परत परंड्याला आलो. आक्का बायकांच्या गराड्यात होती, तिच्याजवळ बसायला मिळालंच नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "मास्तर, उद्या सावडायला येताव न्हवं? लवकर या. तुमची बहीण पाण्याच्या घोटावर बसलीय. रडली न्हाय, बोलत न्हाय, च्या तोंडाला लावंना. भावकीनं करून बघितलं, शेजारणींनी करून बघितलं. आता म्हायेरच्या माणसानं घोट पाजल्याबिगर काय खरं न्हाय."

आक्काला साखरेचा आजार आहे. पोटात काही नाही आणि गोळ्या घ्यायच्या, किंवा गोळ्याही नाहीत, दोन्हीकडून धोका. माहेरचं माणूस म्हणजे आता मी एकटाच उरलेला. आईवडील नाहीत, दुसरा भाऊ नाही. आक्कानं मला कडेवर घेऊन मेंढरं वळलीत आणि तिला एक घोट चहा पाजायचा तर मला ते जमेल की नाही याची धास्ती.

पहाटेच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. बार्शीला गाडी बदलली. बायकोनं खिडकीजवळची जागा धरली आणि मला सूचना द्यायला सुरुवात केली. "हे बघा, तिथं शहाणपण करू नका. जास्त बोलू नका. पोथी तर काढूच नका. आन निघताना 'येतो' म्हणू नका, अशा घरातनं 'येतो' म्हणून निघत नसतात." मी म्हणालो, "मला कळतं गं. मीही इथलाच आहे." ती म्हणाली, "म्हणून तर सांगतीय."

बाकी प्रवासभर मी मनातल्या मनात आक्काला काय म्हणायचं ते जुळवत होतो. तरणाताठा गेला असता तर? सगळं बघून गेले. कुणाच्या हातात असतं? एकेक वाक्य मनात म्हणून बघायचो आणि पेपर तपासताना लाल रेघ मारावी तशी मारायचो. तुळजापूरला गाडी थांबली. नळदुर्गची गाडी लागायला वेळ होता. बायको म्हणाली, "मी जरा बसते." मी पाय मोकळे करायला गेलो, यात्रेकरूंच्या गर्दीतून वाट काढत किराण्याच्या दुकानासमोर आलो आणि नेहमीसारखा पत्तीचा पुडा घेतला. खरंच सांगतो, डोक्यात काहीसुद्धा नव्हतं. अणदूरला जायचं म्हणजे पुडा घ्यायचा, हाताला तेवढंच माहीत.

पोचलो तोवर माणसं सावडून, आंघोळी करून परतली होती. बाप्ये लिंबाखाली सतरंजीवर, बायका आत. मी उंबऱ्याशी उभ्या जाऊबाईंच्या हातात पिशवी दिली. त्यांनी आत हात घालून पुडा बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"मास्तर, ह्ये कशाला आणलं? तेरावा झाल्याबिगर ह्या घरात चूल पेटत न्हाय."

आता हे काय मला माहीत नव्हतं? ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात चूल बंद. भावकीतून भाकरी येते, शेजारून किटलीत चहा येतो. लहानपणी मी स्वतः अशा किटल्या पोचवल्यात. आणि मी, डबल एम.ए. माणूस, तिथं कच्ची पत्ती घेऊन गेलो. लिंबाखालून कुणीतरी हलकेच म्हणालं, "शिकल्यालं हाईत." बायकोनं कपाळाला हात लावला नाही, पण लावल्यासारखाच होता. जाऊबाईंनी पुडा आत कोनाड्यात ठेवून दिला, दाजींच्या तंबाखूच्या पिशवीशेजारी.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. दाजी बसायचे तीच भिंत. शेजारी त्यांचं घोंगडं घडी करून ठेवलेलं. तिला बघितलं आणि माझी जुळवलेली सगळी वाक्यं गेली. तिचा चेहरा इतका बारीक झालेला मी कधी पाहिला नव्हता. बायका येत होत्या, गळ्यात पडून हेल काढून रडत होत्या आणि आक्का त्यांनाच म्हणत होती, "पाणी द्या गं हिला."

शेजारून किटली आली. जाऊबाईंनी कपात चहा ओतला, बशी लावली आणि माझ्या हातात दिला. "पाजा," एवढंच म्हणाल्या. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. बाहेरचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. ऐंशी पोरांच्या वर्गासमोर माझी जीभ कधी अडखळली नव्हती, पण तिथं टाळ्याला चिकटली.

"आक्का, घोटभर घे," मी म्हणालो.

तिनं शेजारच्या घोंगड्याची घडी नीट केली.

"माणूस जाणं कुणाच्या हातात नसतं, आक्का."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. पीक विम्याचा माणूस दारात आल्यावर बघते, तशी. मी कपात बघत बसलो. चहावर साय धरली. मागून जाऊबाई कुजबुजल्या, "गार व्हतोय मास्तर, बोला कायतरी."

कायतरी. माझ्याजवळ काय होतं? माझ्या हातात चहाचा कप होता, समोर माणसं होती, आणि अशा वेळी माझ्या तोंडातून आजवर एकच गोष्ट बाहेर पडलेली. तीच पडली.

"आक्का, हा चहा हाय ना, हा मूळचा चीनचा."

रडणाऱ्या बायकांमधली एक मध्येच थांबली. बायकोनं मागून माझा सदरा ओढला. मला कळत होतं की मी काय करतोय. बुडणाऱ्या माणसाला जसं कळतं तसं कळत होतं, पण थांबता येत नव्हतं. चीनमधलं अक्षर सांगितलं. समुद्राकाठचे लोक 'ते' म्हणतात ते सांगितलं. डचांची जहाजं आली, माल भरला, गेली. इंग्रजांचं टे आणि मग टी. दारातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "काय म्हणत्यात?" दुसरा म्हणाला, "कायतरी मंतर आसंल." माझे कान तापले होते. तरी मी शेवटाला आलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य मला घोटलेलं न वाटता नुसतं खरं वाटलं.

"बोटीत बसला त्याचं टी झालं, आक्का. पायी चालला तो चहा राहिला."

आक्काचे ओठ हलले. "पायी आला?"

"व्हय. पायी."

"कुणाबरोबर?"

"माणसं व्हती. जनावरं व्हती. उंट, खेचरं."

"मेंढरं न्हवती?"

आणि मी खुळा, अशा वेळीसुद्धा मास्तरच. म्हणालो, "मेंढरांचा उल्लेख कुठं सापडत न्हाय, आक्का." बायकोनं दंडाला असा चिमटा काढला की कपातला चहा बशीत सांडला. "असतील," मी म्हणालो. "असणारच. लिहायचं राहिलं असंल."

"तेच म्हणायचे," आक्का म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हंजे? तुझे दाजी. आळंदच्या रानात कानडी मेंढक्यांचा तळ शेजारी पडला की च्या व्हायचा, आन ह्यांचं सुरू. कानडीत सांगायचे. आमचा मेव्हणा इंग्रजीचा मास्तर हाय, त्यानं सांगितलंय म्हणायचे. बोटीत बसला तो टी, पायी आला तो च्या. समद्यांला लई आवडायची गोष्ट. पुन्ना पुन्ना सांगाय लावायचे."

मी म्हणालो, "दाजींना कुठं ऐकू यायची गं? ते तर झोपायचे."

"झोपत न्हवते. रानात डोळे मिटून मेंढराची घंटा आईकायचे, तसं आईकायचे. सगळं ध्यानात ठिवायचे. फकस्त मेंढरं त्यांनी घातली. म्हणायचे, मास्तर शिकल्याला हाय पर इसराळू हाय. एवढ्या लांब मेंढरांबिगर कोण चालत जातंय? पुढं मेंढरं, मागं मेंढक्या, आन मेंढराच्या पाठीवर च्याची पोती."

एवढं बोलून तिनं घोंगड्यावर हात ठेवला. "लई चालले रं," ती म्हणाली. "जलमभर चालले. बाजेवर कदी पडून म्हणून राहिले न्हाईत." आणि मग तिचा बांध फुटला. गेले दोन दिवस अडून राहिलेलं रडणं हेल काढून बाहेर आलं, दाजींच्या काठीचं, त्यांच्या पायातल्या भेगांचं, शेळीच्या दुधाच्या चहाचं, पहिली बशी आक्काला दिल्याशिवाय स्वतः कधी घेतली नाही त्याचं. जाऊबाई रडल्या, बायको रडली. मी कप हातात धरून रडलो. सगळ्या जगाला मी ती गोष्ट ऐकवत फिरलो, लोकांच्या गाड्या वेळेआधी सोडवल्या, आणि एक माणूस ती घोंगड्यात बांधून रानोमाळ नेत होता, त्याला मी झोपलाय म्हणत होतो. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या वाईटात थोडा अभिमानही होता, म्हणून आणखी लाज वाटली.

रडणं ओसरल्यावर मी बशी पुढं केली. आक्कानं माझा हात धरला, बशी तोंडाशी नेली आणि फुर्र करून घोट घेतला. मग दुसरा. तोंड वाकडं केलं. "गार करून टाकलास की सगळा," ती म्हणाली. आतल्या बायका रडता रडता हसल्या. जाऊबाईंनी किटलीतला दुसरा ओतला, भाकरीचा तुकडा त्यात कुस्करला, आणि आक्कानं तोही खाल्ला. गोळी घेतली. दारातला म्हातारा पुढं होऊन मला म्हणाला, "मास्तर, मंतर चांगला हाय तुमचा." मी त्याला समजावून सांगणार होतो, पण बायको माझ्याकडं बघत होती.

दुपार कलली तशी आम्ही निघालो. बायको मुकाट्यानं उठून बाहेर पडली, रीत होती तशी. मी चपला पायात सरकवल्या, आत वळून पाहिलं. आक्का भिंतीला टेकून बसलेली, दाजींच्या जागेवर. दिवसभरात मला जे जमलं होतं त्याच्या भरात होतो म्हणा, किंवा तिला एकटं सोडवत नव्हतं म्हणा, तोंडातून निघून गेलं.

"बरं आक्का, येतो."

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. बायकोनं डोळे मिटून घेतले. मला तो शब्द हवेतून पकडून परत तोंडात कोंबावासा वाटला.

आक्कानं मान वर केली.

"ये," ती म्हणाली. "तेरावा झाला की ये. तुझी पत्ती ठिवलीय कोनाड्यात. चूल पेटली की पयला च्या तिचाच टाकते. मग बस हितं भिताडाला टेकून, आन सगळं सांग मला पहिल्यापासनं. मेंढरं घालून."